एआयवाला लर्निंग प्लॅटफॉर्म: ट्रेनिंग टीमच्या बाजूने एक सविस्तर रिव्ह्यू

आमच्या कंपनीने जुनं एलएमएस (ऑनलाइन कोर्स आणि त्यांच्या नोंदी ठेवणारी सिस्टिम) बंद करून एआयवाला लर्निंग प्लॅटफॉर्म घेतला, तो रोजच्या कामात नीट मुरेपर्यंत थांबले आणि मगच हा रिव्ह्यू लिहायला बसले, कारण डेमोत सगळंच छान दिसतं. प्रॉडक्टचं नाव देत नाही. एक तर काही अडचणी आमच्या सेटअपमुळेही असतील आणि दुसरं म्हणजे सध्या विकल्या जाणाऱ्या बहुतेक प्लॅटफॉर्मची ठेवण साधारण अशीच आहे, म्हणजे तुम्ही दुसरं कुठलं घेत असाल तरी यातलं बरंच लागू पडेल. मी एल अँड डी (लर्निंग अँड डेव्हलपमेंट) म्हणजे ट्रेनिंगच्या टीममध्ये आहे, आमच्याकडे कस्टमर सपोर्ट आणि बॅक ऑफिस ही दोन मोठी खाती आणि नवीन माणसांची भरती कायम चालूच असते. आधी निकाल सांगते: रोल प्लेच्या, म्हणजे खोट्या ग्राहकाशी बोलायच्या, सरावासाठी आणि काम करता करता चटकन काही विचारायला हे जरूर घ्या, पण हे आलं म्हणून ट्रेनर कमी करू असं मनात असेल तर ते काढून टाका, आमच्याकडे ट्रेनरचं काम वाढलंय आणि ते आधीच्यापेक्षा अवघड झालंय.

प्लॅटफॉर्मचे चार भाग आहेत: कोर्स बनवणं, प्रश्न विचारायचा असिस्टंट, रोल प्ले आणि स्किल डॅशबोर्ड.

कोर्स बनवण्याचं थोडक्यात सांगते. पीडीएफ टाकली की स्लाइड, आवाज, शेवटी क्विझ असा अख्खा कोर्स तयार होतो. पूर्वी ह्याच कामाला आधी स्टोरीबोर्ड, मग विषय माहीत असलेल्या माणसाच्या मागे लागणं, मग त्याने सांगितलेले बदल, मग कम्प्लायन्सवाल्यांचा (नियम पाळले जातायत का बघणाऱ्यांचा) होकार, असे आठवडेच्या आठवडे जायचे, ते वाचले. पण क्विझ डोळे उघडे ठेवून बघा. चारातला जो पर्याय सगळ्यात लांब आणि सगळ्यात सभ्य तोच बरोबर, हे आमच्या लोकांनी लगेच हेरलं आणि काहीजण धडा न उघडताच पास झाले. आणि मुळात कोर्स कमी पडतायत अशी तक्रार मी एवढ्या वर्षांत कुणाकडून ऐकलेली नाही, वेळ मिळत नाही अशीच ऐकलीये. ट्रेनिंगचे अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये ट्रेनिंग मोजायच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या: लोकांना आवडलं का, ते शिकले का, कामातलं वागणं बदललं का आणि कामाचा निकाल सुधारला का. हा प्लॅटफॉर्म रिपोर्टमध्ये देतो काय, तर किती जणांनी पूर्ण केलं आणि किती स्टार दिले. म्हणजे एवढं सगळं एआय लावून आपण पहिल्याच पायरीवर उभे. एक गोष्ट मात्र मनापासून आवडली, धडा झाल्यावर काही दिवसांनी तो चॅटमध्ये एखादा प्रश्न पाठवतो आणि पर्याय न देता आठवून लिहायला सांगतो. आठवायला लावलं की जास्त टिकतं हे मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगांत स्पष्ट दिसलेलं आहे, आणि आमच्याकडेही लोक पुन्हा पुन्हा बोलतात ते ह्या छोट्या प्रश्नांबद्दलच, अख्ख्या कोर्सबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

आता असिस्टंट. लोक सगळ्यात जास्त हाच वापरतात. कॉल चालू असतानाच बाजूच्या खिडकीत विचारायचं की अमुक केसमध्ये पैसे परत द्यायचा नियम काय, तो कंपनीच्या कागदपत्रांतून शोधून दोन ओळींत उत्तर देतो आणि खाली कुठल्या फाइलमधून काढलं तेही दाखवतो. पूर्वी ह्यासाठी शेजारच्या सिनियरला हाक मारावी लागायची आणि तो स्वतः कॉलवर असला की ग्राहक होल्डवर. हे दुखणं बऱ्यापैकी गेलंय. पण एक प्रकार नीट सांगायला हवा. आमच्या फोल्डरमध्ये रिफंडच्या नियमाच्या दोन फाइल होत्या, एक जुनी, एक नवी, आणि असिस्टंट मधूनमधून जुनीतलं उत्तर द्यायचा, तेही तेवढ्याच ठामपणे. ज्यांचा नियम पाठ होता त्यांच्या लगेच लक्षात आलं, नवीन मुलांनी ते तसंच ग्राहकाला सांगितलं. सपोर्टला कळवलं तर उत्तर आलं की कागदपत्रं स्वच्छ ठेवणं ही कस्टमरची जबाबदारी. तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेल, पण विकताना हे कुणी बोललं नव्हतं, आणि आता आमच्या टीममधल्या एका व्यक्तीचं निम्मं काम हेच झालंय, कुठली फाइल जिवंत आहे, कुठली काढायची, कुणाला विचारून काढायची. घेणार असाल तर हे काम कोण करणार ते आधी ठरवा.

आता मुख्य मुद्दा. असिस्टंटमुळे माणूस शिकतो का नुसतं काम उरकतो? ह्यावर दोन अभ्यास आहेत, उलटसुलट वाटतात पण एकत्र वाचले की बरंच समजतं. ब्रिनजॉल्फसन, ली आणि रेमंड या अर्थशास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये एका कंपनीच्या ५,१७९ सपोर्ट एजंटांचा अभ्यास मांडला. एआयच्या सूचना मिळाल्यावर तासाला सुटणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या, नवख्या आणि कमी कौशल्याच्या लोकांच्या तर ३४ टक्क्यांनी, आणि मुरलेल्या लोकांना फारसा फरक पडला नाही. त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी की मध्ये सिस्टिम बंद पडली त्या वेळीही ती वापरलेली माणसं पूर्वीपेक्षा बरं काम करत होती, म्हणजे वापरता वापरता काहीतरी अंगात उतरलं होतं. दुसरा अभ्यास तुर्कीतल्या एका हायस्कूलचा, बस्तानी आणि सहकाऱ्यांचा, गणिताचा, जवळजवळ हजार मुलांवर. साधा चॅटबॉट दिलेल्या मुलांनी सरावात ४८ टक्के जास्त चांगलं केलं, पण नंतर तो काढून घेऊन परीक्षा घेतली तर ज्यांना तो कधी मिळालाच नव्हता त्यांच्यापेक्षा ती १७ टक्के मागे पडली. तिसऱ्या गटाला उत्तर न देता फक्त खुणा देणारा, शिक्षकांच्या मदतीने तयार केलेला बॉट दिला होता, त्यांनी सराव तर कितीतरी चांगला केलाच आणि नंतर त्यांचं तसं नुकसानही दिसलं नाही.

शाळेतलं गणित आणि ऑफिसातलं काम एक नव्हे, पण मला फरक इथे दिसतो की सपोर्टवाल्या अभ्यासात एजंटला फक्त सूचना यायची, ग्राहकाशी बोलायचं, सूचना घ्यायची का टाकायची, हे त्यालाच ठरवायला लागायचं. मुलांना आयतं उत्तर मिळत होतं. आमच्या प्लॅटफॉर्ममध्ये दोन्ही सोयी आहेत, एक थेट उत्तर देणारा मोड आणि एक कोच मोड, जो आधी तुम्हालाच विचारतो की तुम्हाला काय वाटतं, कशावरून वाटतं. पण डिफॉल्टला थेट उत्तर. आणि डिफॉल्ट कोण बदलतो हो, घाईत कुणीच नाही. आम्ही व्हेंडरच्या मागे लागून नवीन जॉइन झालेल्यांसाठी कोच मोड डिफॉल्ट करून घेतला. आधी कुरकुर झाली. एका मुलीने तोंडावर सांगितलं की मला उत्तर माहीत असतं तर विचारलं कशाला असतं. तिचं म्हणणं रास्त होतं, कारण तिने विचारलं होतं एका फॉर्मचा नंबर काय, आणि हा तिला म्हणत होता की आधी तुझा अंदाज सांग. फॉर्मचा नंबर हा काय विचार करायचा विषय आहे? म्हणून मग आम्ही बसून यादी केली, कुठल्या गोष्टी शोधून घेतल्या तरी चालतील आणि कुठल्या डोक्यात असायलाच हव्यात. दर, कोड, फॉर्म, तारखा ह्या शोधण्याच्या. ग्राहकाला काय कबूल करायचं आणि काय नाही, कधी केस वर पाठवायची, आणि असिस्टंटचं उत्तर चुकीचं आहे हे कशावरून ओळखायचं, हे डोक्यात. ही यादी प्लॅटफॉर्म देत नाही, देऊच शकणार नाही, ती कामातल्या माणसांबरोबर बसूनच करावी लागते, आणि मला तर वाटतं यापुढे एल अँड डीचं सगळ्यात मोलाचं काम हेच असणार आहे.

रोल प्लेबद्दल भरभरून लिहायचंय. एआय ग्राहक बनतो, आवाजात बोलतो, तुम्ही हेडसेट लावून उत्तर द्यायचं. आमच्या सेटमधला एक ग्राहक सुरुवातच अशी करतो, "तुमच्याकडच्या तिघांनी तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या, आता चौथी तुम्ही सांगा." खऱ्या कॉलवर हे वाक्य ऐकून नवीन माणूस गळपटतो. इथे तो पुन्हा करू शकतो, आणखी एकदा करू शकतो, कुणी बघत नाही. क्लासरूममध्ये रोल प्ले म्हटलं की मागच्या रांगेत बसून मान खाली घालणारी जी माणसं असतात ना, तीच इथे सगळ्यात जास्त सराव करतात, लंचनंतर एखादी मीटिंग रूम रिकामी दिसली की हेडसेट घेऊन आत. आमच्याकडच्या एकाने मला सांगितलं, मॅडम, सगळ्यांसमोर चुकायला मला फार जड जातं, इथे निदान आधी एकटा चुकून घेतो. ही एक गोष्ट कुठल्याही ट्रेनरला आजवर सगळ्यांसाठी जमलेली नाही कारण एका ट्रेनरला कान दोनच.

पण दोन उणिवा आहेत. एक म्हणजे एआय ग्राहक फार लवकर शांत होतो. दोनदा सॉरी म्हणा, त्याचं नाव घ्या, "मी समजू शकते" म्हणा, की गडी खूश. खरी माणसं अशी नसतात, ज्याचे पैसे अडकलेत त्याला तुमची सहानुभूती नको असते, त्याला तारीख हवी असते. आमच्या एका अनुभवी सहकारी ताईंनी बसून त्या ग्राहकाची सूचना पुन्हा लिहिली: नक्की काय होणार आणि कधी होणार हे कळेपर्यंत आवाज खाली आणू नकोस, माफी मागितली तर आणखी चिड. त्यानंतर रोल प्लेला खरी धार आली. दुसरी उणीव गंभीर आहे. कॉल संपल्यावर जो फीडबॅक येतो तो बोलण्याच्या पद्धतीवर असतो, सहानुभूती छान, गती योग्य, ग्राहकाचं नाव दोनदा घेतलं, ९० टक्के. त्याच रेकॉर्डिंगमध्ये एकाने ग्राहकाला सांगितलं होतं "मी आजच्या आज करून देतो", आणि ते काम त्याच्या अधिकारातच नव्हतं, त्याला दुसऱ्या खात्याची मंजुरी लागते. खऱ्या कॉलवर ह्या एका वाक्यातून पुढची तक्रार जन्माला येते. एआयला त्यात काहीच वावगं दिसलं नाही, ताईंनी मात्र ऐकताक्षणी कॉल थांबवला आणि त्याला विचारलं, हे कुणाच्या भरवशावर कबूल केलंस? त्याचा चेहराच सांगत होता की हे आता त्याच्या कायम लक्षात राहणार. म्हणून आम्ही पद्धत लावली, सराव हवा तेवढा एआयबरोबर, पण कॉलवर सोडायच्या आधीचे शेवटचे रोल प्ले माणसासमोर.

आता ज्याच्यासाठी खरं तर मी एवढं लिहायला बसले ते. प्लॅटफॉर्म शिकवायला आला आणि त्याच वेळी दुसरीकडून एआय टूल कामात पण आली, आणि ती पहिल्यांदा उचलतात ती सोपी कामं. साध्या तक्रारीचं उत्तर, मीटिंगचा गोषवारा, दोन शीटमधल्या नोंदी जुळवणं. ही कामं कंटाळवाणी होती हे मान्य, पण आमच्याकडे तयार झालेला प्रत्येक चांगला माणूस ह्याच कामांवर तयार झालाय. शंभर साध्या तक्रारी हाताने लिहिल्यावर एकशे एकावी साधी दिसत असली तरी साधी नाही हे वासावरून कळतं, ते कुठल्या कोर्समध्ये येत नाही. मानसशास्त्रज्ञ लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३ मध्ये कारखान्यांतल्या ऑटोमेशनबद्दल हेच लिहून ठेवलंय, की सोपं काम यंत्राला दिलं की माणसाकडे उरतं ते सगळ्यात अवघड, आणि ते अवघड काम जमण्यासाठी लागणारा रोजचा सराव मात्र त्याच्याकडून काढून घेतलेला असतो. तेव्हा बोलणं कंट्रोल रूममधल्या ऑपरेटरबद्दल होतं, आज ते ऑफिसातल्या प्रत्येक टेबलावर लागू आहे. एल अँड डीमध्ये ७०-२०-१० हा आकडा सगळे तोंडपाठ म्हणतात, ७० टक्के शिकणं प्रत्यक्ष कामातून, २० इतरांकडून, १० कोर्समधून. आकडे काटेकोर धरू नका, पण रोख बरोबर आहे. मग त्या ७० मधलं नवशिक्यांच्या वाट्याचं कामच एआयकडे गेलं तर राहिलेल्या १० मध्ये कितीही सुंदर कोर्स भरा, काय उपयोग?

म्हणून आमची टीम आता मॅनेजरांशी कामाच्या वाटपावर भांडते, हे पूर्वी आमचं कामच नव्हतं. सपोर्टमध्ये ठरवून घेतलंय की नवीन माणूस सुरुवातीला काही तक्रारींची उत्तरं आधी स्वतः लिहिणार, मग एआयचा ड्राफ्ट उघडणार, दोन्ही शेजारी ठेवून काय वेगळं आहे आणि का, ते सिनियरशी बोलणार. वेळ जातो, मॅनेजर म्हणतात आकडे पडतात, आणि त्यांच्यावरही वरून दबाव असतो हे दिसतं. पण जिथे हे नेटाने चाललं तिथली नवीन मुलं एआयचा ड्राफ्ट खोडायला घाबरत नाहीत, तो फरक त्यांच्याबरोबर बसलं की उघड दिसतो. आणि ह्या सगळ्यासाठी प्लॅटफॉर्ममध्ये जागा शून्य! माणसाचं उत्तर आणि एआयचं उत्तर शेजारी ठेवून सिनियरने शेरा लिहायचा, एवढी साधी सोय नाही, आम्ही साध्या एक्सेल शीटवर चालवतोय. शिकवण्याचं प्रॉडक्ट म्हणून विकता आणि शिकण्याची मूळ जागाच नाही, हे मला अजून पटत नाही.

स्किल डॅशबोर्डबद्दल माझं मत वाईट आहे. कोण असिस्टंटला काय विचारतो त्यावरून तो त्या माणसाचं कौशल्य कुठे कमी आहे ते ठरवतो आणि मॅनेजरला लाल-पिवळं-हिरवं करून दाखवतो. परिणाम काय झाला, तर जो जास्त विचारतो तो लाल. लोकांना हे कळल्यावर त्यांनी कंपनीच्या असिस्टंटला विचारणं कमी केलं आणि स्वतःच्या फोनवर बाहेरचे चॅटबॉट वापरायला लागले, म्हणजे ग्राहकाची माहिती बाहेर जायची भीती ती वेगळीच. शिकणाऱ्याने मोकळेपणाने अडाणी प्रश्न विचारावेत म्हणून जी खिडकी आणली तिलाच हजेरीपत्रक करून टाकलं. आम्ही मॅनेजर व्ह्यू बंद करून घेतला, पण त्यासाठी बरीच पत्रापत्री करावी लागली. रोल प्लेमध्ये आवाजावरून आत्मविश्वास आणि मूड मोजायची पण सोय आहे, तीही आम्ही बंद ठेवलीये. युरोपियन युनियनच्या एआय कायद्याने २ फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या ठिकाणी एआय लावून कर्मचाऱ्यांच्या भावना ओळखायला बंदी आहे, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून. त्याच दिवसापासून तिथे एआय वापरणाऱ्या कंपन्यांनी आपल्या माणसांना एआयची पुरेशी समज येईल हे बघणंही आलं. तुमच्याकडे तो कायदा लागू असो नसो, माणसाच्या आवाजातल्या थरथरीला मार्क देणं मला माणुसकीला धरून वाटत नाही.

अजून एक. हे प्रॉडक्ट विकणाऱ्यांच्या पहिल्या स्लाइडवर बहुतेक वेळा वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमचा २०२५ चा रिपोर्ट असतो, की २०३० पर्यंत कामाला लागणारी ३९ टक्के मुख्य कौशल्यं बदलतील असं कंपन्यांना वाटतं. त्याच रिपोर्टमधली दुसरी गोष्ट स्लाइडवर नसते: जगातले कामगार १०० धरले तर ५९ जणांना २०३० पर्यंत ट्रेनिंग लागेल आणि त्यातल्या ११ जणांना ते मिळायची शक्यता कमी. हे ११ कोण, ते मला आमच्याच मजल्यावर दिसतात. लायसन्स माणशी असल्यामुळे कॉन्ट्रॅक्टवरच्या लोकांना ती मिळाली नाहीत. नाइट शिफ्टवाल्यांना मिळाली पण कॉलच्या रांगेतून उठायला वेळ मिळत नाही, त्यांचं लॉगिन बघितलं तर रिकामं. ज्यांचं साधं काम सगळ्यात आधी एआयकडे जाणार तीच ही माणसं. पुढच्या वेळी लायसन्सबरोबर प्रत्येकाच्या रोस्टरमध्ये शिकायचा वेळ बांधून द्या, नाहीतर लायसन्सच घेऊ नका, असं मी वर लिहून दिलंय.

स्टार द्यायचे तर रोल प्लेला साडेचार, असिस्टंटला साडेतीन, कोर्स बनवण्याला अडीच, डॅशबोर्डला एक. व्हेंडरची सपोर्ट टीम वागायला चांगली आहे, उत्तर वेळेवर येतं, पण फीचर मागितलं की रोडमॅपवर आहे एवढंच ऐकायला मिळतं. डेमोला बसाल तेव्हा तुमची स्वतःची कागदपत्रं घेऊन बसा, त्यात मुद्दाम एक जुनी आणि एक नवी फाइल ठेवा आणि बघा कुठल्या फाइलमधून उत्तर येतं. डिफॉल्ट मोड कोण बदलू शकतं ते विचारा, चॅटमधले प्रश्न कोणाकोणाला दिसतात हे लेखी घ्या, आणि रोल प्ले करताना मुद्दाम अधिकाराबाहेरचं काहीतरी कबूल करून बघा, फीडबॅकमध्ये ते पकडलं जातं का. आम्ही रोल प्ले आणि असिस्टंट पुढे चालू ठेवतोय, कोर्सवाला भाग सोडतोय, आणि शेजारी-शेजारी उत्तरं ठेवून शेरा लिहायची सोय द्याल का असं व्हेंडरला पुन्हा एकदा विचारलंय, उत्तर आलं की इथेच अपडेट टाकते.